निष्काळजीपणे वाहन चालवणे : कायदा कशाला म्हणतो आणि कशाला म्हणत नाही
सातारा-सांगलीकडचे वाहनचालक आणि अपघातग्रस्त कुटुंबं यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघाताची केस घेऊन माणूस वकिलाकडे येतो तेव्हा हातात एफआयआरची झेरॉक्स असते आणि तोंडात एकच प्रश्न : साहेब, चूक कुणाची धरतील? या प्रश्नाचं उत्तर कोर्टात जितकं ठरतं, त्याहून जास्त अपघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रस्त्यावर ठरतं. नेमकं तेव्हाच घरचे दवाखान्यात असतात आणि चालक घाबरून गेलेला असतो. म्हणून ही माहिती आधी वाचून ठेवा. इथली उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या केसचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

कायद्याच्या भाषेत निष्काळजीपणा म्हणजे नक्की काय?

त्या जागी, त्या वेळी, त्या हवामानात एखादा सावध आणि जाणता चालक जशी गाडी चालवेल, तशी तुम्ही चालवली नाही तर तो निष्काळजीपणा. कोर्टाची कसोटी एवढीच आहे. गाडी ठोकली गेली, माणूस गेला, नुकसान मोठं झालं, यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. परिणाम कितीही भीषण असला तरी आधी तुमचं वागणं तपासायचं असतं.

कायदा दोन गोष्टी वेगळ्या धरतो. धोका दिसत असताना ‘होईल काय ते होईल’ म्हणून पुढे घुसणं हा अविचार, म्हणजे बेदरकारपणा. घ्यायला हवी ती काळजीच न घेणं ही हयगय. हा फरक अलाहाबाद हायकोर्टाने १८८१ साली इदू बेगच्या खटल्यात मांडला आणि आजही निकालपत्रांत त्याचा आधार घेतला जातो. खंबाटकी चढताना आंधळ्या वळणावर समोरचं काही दिसत नसताना ट्रकला ओव्हरटेक करणं हा अविचार. त्याच घाटात मोबाइलवर मेसेज बघताना गाडी दुभाजकावर गेली तर ती हयगय. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला फौजदारी कायदा) कलम २८१ दोन्हींना लागू शकतं, फक्त कोर्टात सिद्ध करायची गोष्ट वेगळी असते.

मी वेगमर्यादेच्या आत होतो. मग निष्काळजी कसा?

वेगमर्यादा मोडणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली वेगळा गुन्हा आहे. ती पाळली म्हणून निष्काळजीपणाच्या आरोपातून सुटका होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वरच्या घाटात धुकं एवढं दाट उतरतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवा जेमतेम दिसतो. तिथे ताशी ४० चा वेगसुद्धा बेदरकार ठरू शकतो. सकाळी मोकळ्या चौपदरी रस्त्यावर तोच वेग कुणाच्या लक्षातही येणार नाही.

याची दुसरी बाजू चालकांनी जास्त लक्षात ठेवावी. नुसत्या ‘जोरात होता’ या साक्षीवर शिक्षा होत नाही. स्टेट ऑफ कर्नाटक विरुद्ध सतीश या खटल्यात १९९८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेग ही सापेक्ष गोष्ट आहे. जोरात म्हणजे किती, आणि त्या रस्त्यावर तो वेग धोक्याचा का, हे सरकार पक्षाने दाखवलं पाहिजे. त्या खटल्यात ट्रक उलटला होता आणि माणसं दगावली होती, तरीही चालक निर्दोष सुटला.

एफआयआरमध्ये ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’ असं लिहिलंय. म्हणजे चूक सिद्ध झाली का?

नाही. हे वाक्य आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत सापडतं. ठाण्यातल्या अंमलदाराच्या हाताला ते बसलेलं आहे. तो आरोप आहे, पुरावा नव्हे. मला या वाक्याची खरी काळजी वाटते ती फिर्यादीच्या बाजूने. सगळा भर या ठरावीक शब्दांवर टाकल्यामुळे खरी हकीगत कागदावर येतच नाही. गाडी कुठल्या बाजूने आली, इंडिकेटर दिला का, डिपर मारला का, हॉर्न वाजला का, धडक रस्त्याच्या कुठल्या भागात झाली, चालकाच्या कानाला फोन होता का, या गोष्टी फिर्यादीत हव्यात. दोन-तीन वर्षांनी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि उलटतपासात ‘भरधाव म्हणजे किती?’ असं विचारलं की त्याच्याकडे उत्तर नसतं. खऱ्या चुकीचा चालकसुद्धा असाच सुटतो.

फिर्याद देताना वाचून घ्या. लिहिलेलं तुमच्या सांगण्याप्रमाणे नसेल तर दुरुस्त करून मागा आणि मगच सही करा. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणं हा तुमचा हक्क आहे.

कोणती कलमं लागतात आणि शिक्षा किती?

आधी अपघाताची तारीख बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या अपघातांना जुनी भारतीय दंड संहिताच लागते, म्हणजे २७९, ३३७, ३३८ आणि ३०४-अ. ते खटले अजून चालू आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे कानावर पडतात आणि लोकांचा गोंधळ होतो.

नव्या संहितेत सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवण्याला कलम २८१ आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात कुणी जखमी व्हायलाच हवं असं नाही. कुणाच्या जिवाला धोका होईल किंवा इजा होण्याची शक्यता असेल अशी गाडी चालवली तरी गुन्हा पुरा होतो. इजा झाली तर कलम १२५ : साध्या दुखापतीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर कलम १०६(१) : पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या ३०४-अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षं होती, म्हणजे वाढ लक्षात घेण्याजोगी आहे. ही सगळी कलमं दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि जामीनपात्र (जामीन हक्काने मिळतो) आहेत.

याच्या जोडीला मोटार वाहन कायद्याची कलमं लागू शकतात. एकाच अपघातासाठी दोन्ही कायद्यांखाली खटला चालवता येतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये अरुणाचल प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

कलम १८४ म्हणजे काय? त्यात मोबाइल येतो का?

येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात काय काय मोडतं ते कायद्यातच लिहून ठेवलं. लाल सिग्नल तोडणं, ‘थांबा’च्या फलकाला न थांबणं, हातात फोन धरून गाडी चालवणं, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं. शिवाय एक सर्वसमावेशक कलमही आहे : जाणत्या आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाचं चालवणं, आणि तेही असं की ते धोक्याचं आहे हे अशा चालकाला सहज कळावं.

पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हातातल्या फोनचा गुन्हा तेवढा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटवता येतो. कलम १८४ मधल्या बाकीच्या गोष्टींसाठी कायद्याने ती सोय ठेवलेली नाही, कोर्टासमोर जावं लागतं. अनेकांना हे चलन भरताना माहीतच नसतं.

उलट दिशेचा मुद्दा आपल्याकडे फार जवळचा आहे. उंब्रज असो की पेठ नाका, महामार्गालगत राहणारा माणूस पुढच्या बोगद्यापर्यंत जाऊन वळसा घ्यायला नको म्हणून मोटारसायकल उलट्या बाजूने घालतो. हातभर अंतर आहे, कडेकडेने जातोय, असं त्याला वाटतं. समोरून ताशी ८० ने येणाऱ्या गाडीला त्या कडेला कुणी असेल अशी कल्पनाच नसते. अशा अपघातात उलट्या बाजूने येणाऱ्याचा दोष आधी धरला जातो आणि त्याच्या कुटुंबाची भरपाई त्या प्रमाणात घटते. घरात कमावता एकटा असेल तर ही घट त्या घराला आयुष्यभर पुरते.

ब्रिटनमध्ये ‘केअरलेस ड्रायव्हिंग’ नावाचा वेगळा गुन्हा आहे. आपल्याकडे आहे का?

तसा स्वतंत्र, हलका गुन्हा आपल्याकडे नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात अपेक्षेपेक्षा खालच्या दर्जाचं चालवणं आणि फारच खालच्या दर्जाचं चालवणं असे दोन गुन्हे आहेत. पहिल्यात साधारण दंड आणि लायसन्सवर गुण लागतात, दुसऱ्यात तुरुंग. आपल्या कलम १८४ मधली सर्वसमावेशक व्याख्या त्या दुसऱ्या गुन्ह्याच्या भाषेशी जुळते. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेला नियम इथे लावू नका.

रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागून गाडी धडकली. चूक कुणाची?

हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, तासगाव, पलूस या पट्ट्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. डबल ट्रॉली, मागचा दिवा फुटलेला किंवा उसाच्या वाड्याखाली झाकला गेलेला, रिफ्लेक्टरवर चिखल, ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने चालू. टायर फुटला की ट्रॉली आहे तिथेच, अर्धी डांबरावर, आणि ड्रायव्हर जॅक आणायला गावात. मागे दोन दगड लावलेले असतात, तेही फक्त चाक घसरू नये म्हणून.

कायद्याचं उत्तर असं. वाहन धोकादायक स्थितीत रस्त्यावर सोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ विरुद्ध आहे. रस्त्यात अडथळा करण्याबद्दल न्याय संहितेचं कलम २८५ आहे, त्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड. कुणी दगावलं तर उभ्या ट्रॉलीच्या चालकावरही १०६(१) लागू शकतं, कारण ते कलम निष्काळजी कृतीबद्दल बोलतं, गाडी चालूच असली पाहिजे असं म्हणत नाही. कलम २८१ मात्र गाडी चालवण्याबद्दलच आहे. उभ्या ट्रॉलीच्या केसमध्ये फक्त २८१ लावलेलं दिसलं तर वकिलाला लगेच विचारा.

मागून धडकणाऱ्याचं काय? हेडलाइटच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, हा रात्रीच्या ड्रायव्हिंगचा साधा नियम आहे. विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करते आणि मयताचा अर्धा दोष होता असं म्हणते. ते प्रत्येक वेळी टिकत नाही. रात्री रस्त्याच्या मधोमध, कसलाही दिवा वा खूण न लावता उभ्या असलेल्या टँकरवर कार आदळल्याच्या अर्चित सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सगळा दोष टँकरचालकाचा धरला आणि कारचालकाचा वाटा मान्य केला नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर उजेडात पुढचं दिसलं नाही, हे तिथे ग्राह्य धरलं गेलं. म्हणून अशा अपघातात ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो, तोही अंधारात आणि जमल्यास लांबून काढलेला, सोन्याच्या मोलाचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली हललेली असते आणि मागे नवा कोरा रिफ्लेक्टर चिकटवलेला असतो.

ट्रॅक्टरमालकांना विनंती आहे. कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावून देतात. ते दर आठवड्याला पुसा, आणि बिघाड झाला तर मागे पन्नास-साठ पावलांवर काहीतरी चमकणारं ठेवा.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे की नुसता रिवाज?

नियम आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांप्रमाणे अरुंद चढावर वर जाणाऱ्याला प्राधान्य. पसरणी, केळघर, कुंभार्ली, कुठेही. उतरणाऱ्याने थांबायचं. धडक झाली आणि उतरणारी गाडी चढणाऱ्याच्या बाजूत सापडली तर हा मुद्दा पंचनाम्यातूनच सिद्ध होतो.

‘ब्रेक फेल झाला’ म्हटलं की सुटतो का?

नुसतं म्हणून नाही. यांत्रिक बिघाड हा बचाव होऊ शकतो, पण गाडीची देखभाल नीट होती आणि तरीही कळून न येणारा दोष निघाला, हे मालकाने दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने मिनू मेहता प्रकरणात १९७७ मध्ये हे ठरवून दिलं. सर्व्हिसिंगच्या पावत्या, फिटनेस प्रमाणपत्र आणि मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल इथे उपयोगी पडतात.

आपल्या घाटांत बऱ्याचदा होतं ते वेगळंच. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरवली जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि धरेनासा होतो. हा कळून न येणारा दोष नव्हे. जाणत्या चालकाला हे माहीत असायलाच हवं, म्हणून ‘ब्रेक फेल’ हाच इथे निष्काळजीपणाचा पुरावा बनतो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने एसटी ड्रायव्हर नव्याला सांगतात ते याचसाठी.

डोळा लागला. हा निष्काळजीपणा आहे?

हो. झोप सांगून येते, आणि ती येत असताना गाडी चालू ठेवणं हीच हयगय. मुंबईहून रात्री निघून पहाटे गावी पोहोचणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

माणूस किंवा जनावर अचानक आडवं आलं तर?

योग्य काळजी घेऊन कायदेशीर काम करताना, गुन्हेगारी हेतू नसताना अपघात झाला तर तो गुन्हा नव्हे. न्याय संहितेचं कलम १८ हेच सांगतं. म्हणून खरोखर अचानक काही घडलं असेल तर चालकाला संरक्षण आहे.

प्रश्न ‘अचानक’ या शब्दाचा असतो. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते, तेव्हा त्या रस्त्यावर वारकरी आडवा येणं हे अचानक नसतं. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारपेठेतून जाताना, शाळा सुटायच्या वेळेला शाळेसमोरून जाताना, उभ्या एसटीच्या पुढून जाताना माणूस येणार हे धरूनच चालवायचं असतं. गुरं घेऊन चाललेला गुराखी लांबून दिसला की त्यातलं एखादं जनावर मध्ये येणारच. कोर्ट विचारतं ते एवढंच, की सावध चालकाला याची कल्पना आली असती का.

मोठ्या गाडीचीच चूक धरतात, हे खरं ना?

कायद्यात असं काही नाही. जमाव तसं धरतो, आणि कधी कधी पहिल्या तासात पोलीसही. कोर्टात गाडीच्या आकारावर दोष ठरत नाही. कार आणि मोटारसायकलच्या धडकेत मोटारसायकलस्वार गल्लीतून न बघता मुख्य रस्त्यावर आला असेल तर दोष त्याचा.

लायसन्स नव्हतं, हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते. एवढ्यावरून निष्काळजी ठरतो का?

आपोआप नाही. हे स्वतंत्र गुन्हे आहेत आणि त्यांचा दंड वेगळा आहे. अपघात त्यांच्यामुळे झाला का, हे पाहावं लागतं. लायसन्स नसणं म्हणजे अपघातातला दोष नव्हे असं सुप्रीम कोर्टाने सुधीरकुमार राणा प्रकरणात २००८ मध्ये म्हटलं. मोटारसायकलवर तिघे बसले म्हणून मयताचा वाटा कापता येणार नाही, तिघे बसल्यामुळेच धडक झाली वा दुखापत वाढली हे दाखवावं लागेल, असं मोहम्मद सिद्दीक प्रकरणात २०२० मध्ये सांगितलं. विमा कंपनीचा माणूस ‘ट्रिपल सीट होते, काही मिळणार नाही’ म्हणाला तर घाबरून कमी पैशांत सही करू नका.

दारू प्यायलेला असेल तर?

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ : पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर प्रकरण निष्काळजीपणाच्या पलीकडे जाऊ शकतं. मुंबईतल्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडल्याच्या अ‍ॅलिस्टर परेरा खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. आता ते न्याय संहितेचं कलम १०५ आहे आणि ते जामीनपात्र नाही.

मुलगा अठराच्या आतला आहे आणि त्याने गाडी ठोकली. मला काय होईल?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘चावी त्याने न विचारता घेतली’ हे सांगून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं. दहावीत चांगले मार्क पडले म्हणून दारात बुलेट उभी करणाऱ्या बापांना आणि मामांना हे वाचून दाखवा.

धडक झाल्यावर लोक मारायला धावले म्हणून निघून आलो. मी फरार ठरतो का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला उपचार मिळतील असं पाहायचं आणि पोलिसांना माहिती द्यायची असते. जमावाच्या रागामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने थांबणं शक्य नसेल तर कायदाच त्यातून सूट देतो. पण ती सूट जागेवर थांबण्यापुरती आहे, गप्प बसण्यासाठी नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत जायचं. वाटेतच ११२ ला फोन करा आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. महामार्गावर असाल तर १०३३ आहे. या फोनची नोंद राहते आणि ‘मी पळालो नाही’ हे सांगायला तीच उपयोगी पडते.

न्याय संहितेतलं पळून जाण्याबद्दलचं कलम १०६(२), ज्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर अंमलात आणलं गेलं नाही. म्हणून पळून जाणं फुकट जातं असं नाही. कलम १३४ न पाळणाऱ्याला शिक्षा देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १८७ आहेच, आणि पळून गेलेल्या चालकाबद्दल कोर्टाचं मत चांगलं होत नाही.

जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूंनी घाबरू नये. कलम १३४-अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही.

पंचनामा होताना काय बघायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि फार थोडे लोक तो वेळेवर विचारतात. घटनास्थळाचा पंचनामा म्हणजे कोर्टापुढे त्या रस्त्याचं एकमेव चित्र. न्यायाधीश जागेवर येणार नाहीत. तीन वर्षांनी तिथे दुभाजक आलेला असेल, वळण सरळ झालेलं असेल.

घरातला एखादा शांत डोक्याचा माणूस जागेवर पाठवा. डांबरी रस्ता किती फूट रुंद, साईडपट्टी किती आणि ती डांबरापासून किती खाली. ब्रेकचे काळे पट्टे कुठून सुरू होतात आणि किती लांब जातात. पट्टे नसतील तर तेही लिहून घ्या, कारण ब्रेक दाबलाच नाही हे त्यावरून कळतं. काचांचा आणि मातीचा सडा कुठे पडलाय. धडकेच्या क्षणी बंपरखालची माती झडते, म्हणून तो सडा जिथे आहे ती धडकेची जागा, गाडी थांबली ती नव्हे. तो सडा पांढऱ्या पट्टीच्या कुठल्या बाजूला आहे यावर अख्ख्या केसचा निकाल फिरतो. रक्ताचे डाग, चप्पल, हेल्मेट, मोडलेला आरसा, सगळं आपापल्या अंतरासह. रस्त्यावर दिवे होते का, गतिरोधकाला पांढरे पट्टे होते का, झाडाच्या फांदीने फलक झाकला होता का.

फोटो स्वतः काढा, गाड्या हलवण्याआधी. जवळच्या पेट्रोल पंपाचं, हॉटेलचं, आनेवाडी किंवा तासवडे टोलनाक्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला तपासी अंमलदाराला लगेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

फौजदारी केसमध्ये चालक सुटला. आता भरपाई बुडाली का?

नाही. फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कुठली शक्यता जास्त पटते एवढं पाहिलं जातं. त्यामुळे एकीकडे निर्दोष आणि दुसरीकडे भरपाई, असं सर्रास होतं. गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली तर न्यायाधिकरण चालकालाच विचारतं की हे कसं झालं ते सांग.

मयताच्या घरच्यांशी पैसे देऊन मिटवलं तर केस संपते का?

कलम २८१ आणि १०६(१) तडजोडपात्र नाहीत. गावच्या बैठकीत स्टँपपेपरवर ‘आमची तक्रार नाही’ लिहून घेतल्याने खटला थांबत नाही. मृत्यूच्या केसेसमध्ये चालकाला प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षा न भोगता चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडू नये असं सुप्रीम कोर्टाने दलबीर सिंग प्रकरणात २००० सालीच म्हटलंय. आणि मयताच्या घरच्यांनो, बाराव्याच्या आत कुणी कागद पुढे केला तर सही करू नका. तेव्हा मन ठिकाणावर नसतं.

लायसन्स जातं का?

कलम १८४ किंवा १८५ चा गुन्हा झाल्याचं पोलिसांना सकारण वाटलं तर ते लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे निलंबनासाठी पाठवू शकतात. आधी १८४ खाली शिक्षा झालेली असेल आणि पुन्हा त्याच प्रकारे कुणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, तर गुन्हा नोंदवताच लायसन्स निलंबित होतं.

खड्ड्यामुळे पडलो. तिथे कोण जबाबदार?

२०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ रस्त्याचं काम आणि देखभाल करणाऱ्या ठेकेदाराला आणि यंत्रणेला जबाबदार धरतं, एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ते फार कमी वापरलं जातं याचं मला वाईट वाटतं. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली पंचनाम्यात मोजून घेतली तरच पुढे काही होतं.

भरपाईचा अर्ज कुठे, किती दिवसांत आणि अपील कुठे?

अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. फलटणच्या माणसाचा अपघात सोलापूरकडे झाला तरी त्याला तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. कलम १६६(३) प्रमाणे अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, उशीर लावू नका. चूक सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नसेल तर कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरावीक रक्कम मागता येते, पण मग १६६ चा रस्ता बंद होतो. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. उपचारासाठी २०२५ पासून कॅशलेस योजना आहे, त्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा खर्च येतो. दवाखान्यात दाखल करतानाच त्याबद्दल विचारा.

पोलिसांनी ४८ तासांच्या आत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. दिला का, ते ठाण्यात जाऊन विचारा. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील. त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या अखत्यारीत आहेत.